इस्त्रीने प्यायलेलं पाणी

चादरीचं एक टोक दोरीवर होतं आणि दुसरं अजून बादलीत. मधली ओली चादर भिंगरीच्या पोटाला चिकटली होती आणि ती दोन्ही हातांनी गॅलरीचा कठडा धरून उभी होती. मी स्वयंपाकघरातून पाहिलं तेव्हा वाटलं, खाली कुणाशी तरी गप्पा मारते आहे. मग लक्षात आलं की ती बोलत नाही, दात आवळून श्वास घेते आहे.

"काय गं?"

"काही नाही ताई. पाठ जरा भरून आली."

मी चादर तिच्या अंगावरून सोडवली. हात लागला तर अंग तापलेलं. पोटाला हात लावला तर दगडासारखं घट्ट. मी तसाच हात ठेवून उभी राहिले. थोड्या वेळाने पोट आपोआप सैल झालं, आणि पुन्हा घट्ट झालं. मला दोन मुलं झाली आहेत, ते घट्ट होणं मला सांगावं लागत नाही. पण तिला सातवा महिना चालू होता. बाळाला अजून आत राहायचं होतं. एवढ्यात नको रे देवा, इतकंच मनात आलं.

"ताप आहे तुला."

"उन्हात उभी आहे म्हणून. मला काय धाड भरली आहे? मी ठणठणीत आहे."

'ठणठणीत' हा तिचा आवडता शब्द. दार वाजलं की जसं आपण 'कोण' म्हणतो, तसं तब्येत विचारली की ती 'ठणठणीत' म्हणायची. चादर तशीच टाकून मी आईंना हाक मारली. आई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि चपला पायात सरकवल्या. कपडे बदलू द्या म्हणून भिंगरी मागे लागली होती. आई म्हणाल्या, "दवाखान्यात तुला कुणी बघायला येणार नाहीये. चल."

मी रोज वहीत दोन ओळी देवासाठी लिहिते आणि उरलेलं पान घरासाठी. ही पानं भिंगरीची आहेत. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा ताई. दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल. वाचलेलं बरंच."

भिंगरी माझी धाकटी जाऊ. हे नाव आईंनी ठेवलं, तेही ती घरात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. बोलता बोलता केर काढणार, केर काढता काढता दूध बघणार, दूध बघता बघता शेजारणीच्या मुलाच्या शर्टाला बटण लावून देणार. एका जागी बसलेली तिला फक्त तिच्या शिवणयंत्रानेच पाहिलं असेल. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती कॉलर लावते. तिथे एक शर्ट एकटी बाई शिवत नाही. एक खांदे जोडते, तिच्याकडून गठ्ठा पुढे सरकतो, दुसरी कॉलर लावते, तिसरी बाही, अशी रांग असते. त्या रांगेला त्या लाइन म्हणतात. मधली एक उठली की तिच्यापुढे गठ्ठे साचतात आणि तिच्यानंतरची हात बांधून बसते.

बाथरूम खालच्या मजल्यावर, अंगणापलीकडे. त्याची किल्ली सुपरवायझरबाईंच्या टेबलावर. किल्ली हरवू नये म्हणून तिला लाटण्याएवढा लाकडाचा ठोकळा बांधलेला आहे. म्हणजे ज्या बाईला जायचं आहे तिने सगळ्यांच्या समोरून तो ठोकळा हातात घेऊन जायचं आणि सगळ्यांच्या समोरून परत आणून ठेवायचा. सुपरवायझरबाई वाईट नाहीत. त्या काही बोलत नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. बोलायचं काम शेजारणी करतात.

"आलीस का गं, माहेरी राहून?"

"आम्हाला वाटलं, तिकडेच घर घेतलंस."

भिंगरी कधी उठत नसे. जेवणाच्या सुट्टीत एकदा, संध्याकाळी सुटताना एकदा. याचा तिला फार अभिमान होता. नव्या मुली आल्या की सुपरवायझरबाई तिच्याकडे बोट दाखवत, हिच्याकडे बघा म्हणून.

मग तिला दिवस राहिले. लग्नानंतर चार वर्षांनी. डॉक्टरीणबाईंनी काय काय करायचं ते सांगितलं आणि भिंगरीने ते अंगावर घेतलं, जसं ती कुठलंही काम अंगावर घेते. गोळ्या वेळेवर. सकाळी फळ. संध्याकाळी चालणं. झोपताना डाव्या कुशीवर, इतकी की भावजी म्हणाले, "चार महिने मी हिची फक्त पाठ बघतोय." तळलेलं बंद. जिन्यातल्या बायका तिला थांबवून विचारत, काय खातेस, किती चालतेस. दवाखान्यातल्या सिस्टर रांगेतल्या पोटुशा बायकांना सांगत, "हिच्यासारखं राहा जरा." आणि ती दिसायचीही तशीच. गाल वर आलेले, चालणं हलकं. माझ्या वहीत त्या महिन्यांत जागोजागी लिहिलेलं आहे, धाकटीची तब्येत उत्तम, देवाची कृपा.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, पाणी भरपूर प्या. ती गोष्ट आईंनी उचलली. घरातलं सगळ्यात मोठं भांडं त्यांनी त्यासाठी वेगळं काढलं. पहाटे उठून पाणी उकळायचं, झाकून निवू द्यायचं, फडक्यातून गाळायचं आणि स्टीलच्या मोठ्या बाटलीत भरून भिंगरीच्या पिशवीत ठेवायचं. भांड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी एकदा त्यात बटाटे उकडायला घेतले तर माझी अशी काही हजेरी घेतली की मी बटाटे परत टोपलीत टाकले. संध्याकाळी भिंगरी आली की आई पहिल्यांदा बाटली हलवून बघत. रिकामी असली की त्यांचा चेहरा खुलायचा.

बाटली रोज रिकामीच यायची. पण ते पाणी भिंगरी पीत नव्हती. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सुरुवातीचे दोन दिवस ती प्यायली. तिसऱ्या महिन्यातलं पोट, त्यात एवढं पाणी. जेवणाच्या सुट्टीआधीच तिला तीनदा ठोकळा उचलावा लागला. परत आली तर गठ्ठे हा एवढा ढीग. बाही लावणारी हात बांधून गाणं गुणगुणत होती. कुणी काही वाईट बोललं नाही. "अगं, दोन जीवांची आहेस, दोघांची वेगवेगळी फेरी होणारच," एवढंच कुणीतरी म्हणालं आणि सगळी लाइन हसली. भिंगरीही हसली. पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या दिवशी तिने जेवताना घोटभर प्यायलं आणि बाटली बंद करून पायाशी ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आज पावलं सुजली नाहीत. त्या दिवशी कापड कमी आल्यामुळे कारखाना लवकर सुटला होता, हे तिने हिशेबात धरलं नाही. तिने ठरवून टाकलं, पाणी कमी तर सूज कमी. तिला हे इतकं पटलं की चोरी करतोय असं तिला वाटेचना. ती पथ्य पाळत होती. आणि चांगली गोष्ट सापडली की ती एकटीपुरती ठेवण्यातली भिंगरी नाही. कारखान्यात आणखी पाच पोटुशा बायका होत्या. त्यांतली एक अगदी नवी, वयाने लहान, पहिलटकरीण. ती बटणं लावते म्हणून तिला सगळ्या बटणवाली म्हणतात. तिचे पाय संध्याकाळी चपलेत मावायचे नाहीत. भिंगरीने तिला शेजारी बसवून सांगितलं, "घोटभर प्यायचं. तहान लागली की ओठ ओले करायचे. बघ माझे पाय."

राहता राहिली भरलेली बाटली. ती घरी कशी न्यायची? मोरीत ओतावी तर आईंनी पहाटे उठून उकळलेलं पाणी, तिचा हात धजेना. कारखान्यात शेवटच्या टेबलावर इस्त्रीवाले काका असतात. त्यांच्या वाफेच्या इस्त्रीत नळाचं पाणी घातलं की पांढरे कण पडतात आणि निळ्या स्कर्टवर डाग उठतात. भिंगरीने एक दिवस बाटली त्यांच्या इस्त्रीत ओतली. डाग नाही, काही नाही. काका खूश.

"असं पाणी मालकाच्या घरी नसेल, पोरी."

मग ते रोजचंच झालं. पाणी वाया जात नव्हतं, काकांचं काम होत होतं, लाइन थांबत नव्हती, पाय सुजत नव्हते आणि आईंचा चेहरा खुलत होता. भिंगरी मला म्हणाली, "ताई, मला एक दिवससुद्धा वाटलं नाही की मी काही वाईट करतेय. फक्त आई बाटली हलवायच्या ना, तेव्हा मी तिकडे बघायचे नाही."

तिचे ओठ कोरडे दिसायचे. मी एकदा म्हटलंही, "साय लाव गं ओठांना." त्यापुढे मी विचारलं नाही.

नंतर लघवीला जळजळ सुरू झाली. ही उष्णता असेल, असं तिने ठरवलं. आणि जाताना दुखतं म्हणून ती आणखी कमी पाणी पिऊ लागली. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं तर म्हणाली, ठणठणीत.

तर त्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंपुढे. त्यांनी तपासलं, पोटाला पट्टा बांधून यंत्रावर कळा बघितल्या, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके नीट होते. आईंनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. मीही.

"जळजळ होते का लघवीला?"

भिंगरीने आईंकडे बघितलं. "थोडी."

"कधीपासून?"

"परवापासून." परवापासून नव्हती, महिना होत आला होता.

"पाणी किती पिता?"

हे उत्तर आईंनी दिलं. त्या जणू याच प्रश्नाची वाट बघत होत्या. "पाण्याचं म्हणाल तर डॉक्टर, मी स्वतः उकळून देते. ही एवढी बाटली रोज संपवते. घरी आल्यावर वेगळं."

डॉक्टरीणबाईंनी हातातला लघवीच्या तपासणीचा कागद पुन्हा बघितला. "एवढं पाणी पिऊन लघवी इतकी गडद? मग किडनीची सोनोग्राफी करून घेऊ." भिंगरी छताकडे बघत होती. मी तिचा हात धरला होता. तो हात मला काहीतरी सांगत होता, पण मला कळलं नाही.

लघवीत जंतू झाले होते, ते वर चढले होते, त्यानेच ताप आणि त्यानेच कळा. औषध शिरेतून सुरू झालं, कळा थांबवायचं वेगळं, आणि बाळ लवकर आलंच तर त्याच्या फुप्फुसांसाठी एक इंजेक्शन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता झालं तर बाळ फार लहान आहे. जितके दिवस आत राहील तितकं चांगलं."

आईंनी त्यातला एकच शब्द उचलला. जंतू.

"जंतू कुठून आले?" त्यांनी बाहेर मला विचारलं.

"येतात हो आई. कशानेही येतात."

"पाण्यातूनच आले. भांड्याच्या कडेला आत खाच आहे, मला माहीत होतं. तिथे घासणी पोचत नाही. मीच पाजले तिला."

मी खूप समजावलं. पण आईंनी एकदा मनात घेतलं की घेतलं. घरी जाऊन त्या ते भांडं घासत बसल्या. चिंचेने घासलं, राखेने घासलं, मग घासणी गुंडाळलेल्या चमच्याच्या टोकाने ती खाच कोरली. बोटांची सालं निघाली. जेवायला बसल्या आणि ताट पुढे सरकवून उठल्या. देवापुढे रोज माझ्याआधी त्या बसतात, त्या दिवशी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठल्या तोंडाने बसू?" विचारायला जी येईल तिला त्या स्वतःहून सांगत, "माझ्या हातून झालं. माझ्या पाण्यात जंतू निघाले." निघाले बिघाले काही नव्हते. कुणी पाणी तपासलंही नव्हतं.

हे मी दवाखान्यात भिंगरीला सांगितलं. वाटलं, आईंची माया बघून तिला बरं वाटेल. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

कळा कमी झाल्या होत्या, पूर्ण थांबल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत इस्त्रीवाले काका आणि बटणवाली आले. काकांनी केळी आणली होती आणि ती कुठे ठेवावीत ते न कळून ते हातातच धरून बसले होते. बटणवाली खाटेच्या कडेला टेकली. तिचे ओठ मी बघितले. भिंगरीसारखेच, कोरडे, मधे चिरलेले.

"लवकर ये पोरी," काका म्हणाले. "तू नाहीस तर माझी इस्त्री पुन्हा खोकायला लागली. काल चार स्कर्ट धुवायला टाकले. आता तुझं ते पाणी—"

"केळी इकडे द्या काका," भिंगरी घाईने म्हणाली.

"रोज संध्याकाळी भरलेली बाटली," काका मला कौतुकाने सांगू लागले. "थेंबसुद्धा कमी नसायचा. म्हटलं, बाळाच्या नावाने माझी इस्त्री पुण्यवान झाली."

मी भिंगरीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात बटणवाली तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका हं. मी सगळं तुमच्यासारखंच पाळते. दिवसभरात घोटभरच."

त्याच वेळी तिला सांगायला हवं होतं, नको गं बाई, पी. शब्द तोंडापर्यंत आलाही होता, असं भिंगरी म्हणते. पण दारात आई उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत काहीतरी मोठं, गोल. भिंगरी नुसतं "हं" म्हणाली. बटणवाली उठली, आईंना वाकून भेटली, आईंनी तिलाही सांगितलं की माझ्या पाण्याने झालं हे सगळं, आणि ती दोघं गेली.

पिशवीतून नवं भांडं निघालं.

"आतून हात फिरवून घेतलंय," आई म्हणाल्या. "एक खाच नाही. जुनं भंगारात देऊन आले. आता तू घरी आलीस की यातलंच."

आईंची बोटं सुजलेली होती. दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. भिंगरी त्या चिंध्यांकडे बघत होती. मला कळलं होतं, आणि मला कळलं आहे हे तिला कळलं होतं. मी काही बोलणार नव्हते. हे मी सांगायचं नव्हतं.

"आई, भांडं चांगलं होतं."

"तू मला समजावू नकोस. पडून राहा."

"भांडं चांगलं होतं. पाणीपण चांगलं होतं. मी ते प्यायलेच नाही."

आईंनी भांडं मांडीवर घेतलं. "प्यायली नाहीस म्हणजे? राहिलं असेल एखाद्या दिवशी."

"रोज. तिसऱ्या महिन्यापासून."

"मग बाटली रिकामी कशी यायची?"

"काकांना द्यायचे. आत्ता आले होते ते."

"त्यांना तहान लागायची?"

"त्यांच्या इस्त्रीला."

आईंनी माझ्याकडे बघितलं, जणू भिंगरी परक्या भाषेत बोलते आहे आणि मला ती येते. मी मान खाली घातली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही पेपर खाली केला होता.

"म्हणजे," आई सावकाश म्हणाल्या, "इतके महिने मी पहाटे उठून त्या इस्त्रीचं बाळंतपण केलं."

शेजारची बाई फुसकन हसली. मलाही आवरेना. भिंगरी हसली आणि हसता हसताच रडायला लागली. आई हसल्या नाहीत.

"रडू नकोस. पोट घट्ट होईल." मग त्या थांबल्या. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय तुला खाल्लं असतं?"

"तुम्ही बाटली हलवून बघायच्या. इतका आनंद व्हायचा तुम्हाला."

"म्हणून मला तीन दिवस माझ्याच भांड्याशी भांडत ठेवलंस?"

भिंगरीने ठोकळ्याचं सांगितलं, लाइनचं सांगितलं, सुजेचं सांगितलं. आई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. त्या उठल्या, नवं भांडं खाटेखाली सरकवलं आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, घरी गेल्या. थोड्या वेळाने त्या दवाखान्याच्या यंत्राचं पाणी पेल्यात भरून घेऊन आल्या.

"पी."

भिंगरी प्यायली. पेला रिकामा होईपर्यंत आई तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग दुसरा आणला. त्या दिवशी त्या तिच्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. ये-जा करणाऱ्या सिस्टरशी बोलल्या, शेजारणीशी बोलल्या, तिच्याशी नाही. भिंगरीने माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळाजवळ माग. मी काय, मी जेवले असते उद्या परवा."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा भिंगरीने स्वतःच सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक होता की त्यांना वाकावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.

"औषध मी तेच दिलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही भरपूर पाणी पिता असं समजून मी दुसरीकडेच कारण शोधत बसले होते. आणि सुजेचं सांगू? पाणी कमी केलं म्हणून ती सूज जात नाही. दिवसभर पाय लोंबकळत बसलं की येते ती. आणि अचानक सूज वाढली तर माझ्याकडे यायचं, बाटली बंद नाही करायची."

"मला वाटलं मी ठणठणीत आहे."

"वाटत होतं ना? तेच तर. वाटतं त्यावर मी औषध देऊ शकत नाही. विचारलं की खरं सांगा, एवढंच."

दोन दिवसांनी कळा थांबल्या. ताप उतरला. बाळ आतच राहिलं, देवाने ऐकलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपण होईपर्यंत कारखाना बंद, घरात आराम, थोडं चालायला हरकत नाही, आणि दर आठवड्याला लघवीची तपासणी.

घरी आल्यावर भिंगरी भिंगरी राहिली नाही. पलंगावर बसून असते. आई पाणी देतात, ती पिते. आई बोलायला लागल्या आहेत, पण तिच्या वाटणीचे शब्द जरा मोजून देतात. काल मी दोघींना शेंगा सोलत शेजारी बसलेलं बघितलं, तेवढं मला पुरलं. भिंगरी दिवसातून कितीदा तरी पोटावर हात ठेवून थांबते. बाळ हललं की तिचा चेहरा मोकळा होत नाही, उलट आणखी ओशाळा होतो. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, ते काही तक्रार करत नाही ना, त्याचंच वाईट वाटतं."

पण तिच्या मनाला खरं कुरतडत होती ती बटणवाली. मला म्हणाली, "ते 'हं' मी का म्हटलं?"

"फोन कर. सांगून टाक."

तिने फोन केला. आवाज मोठा ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं. भिंगरीने सगळं सांगितलं, पाणी प्यायचं, ठोकळा उचलायचा, लाइन गेली खड्ड्यात. पलीकडून बटणवाली समजुतीच्या स्वरात म्हणाली, "असू द्या ताई. तुमच्या सासूबाईंनीच सांगितलं ना आम्हाला, घरच्या पाण्यात जंतू निघाले म्हणून. इथे सगळ्या तुमच्याबद्दल तेच बोलतात. कॉलरवाली घोटभर पीत होती म्हणून निभावलं, ते सगळं पाणी प्यायली असती तर काय झालं असतं? आता आम्ही पाचही जणी घरून पाणी आणतच नाही."

"अगं, ते खरं नाही."

"तुम्ही सासूबाईंना वाचवायला बोलताय. कळतं मला. चांगल्या आहात तुम्ही."

"तुला जळजळ होते का?"



"उष्णता आहे ती," बटणवाली म्हणाली. "बाकी मी ठणठणीत आहे."

भिंगरीने फोन मांडीवर ठेवला. आई दारात येऊन उभ्या होत्या. पाण्यात जंतू निघाल्याचं त्यांनीच गावभर केलं होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं असावं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"तिचं घर कुठे आहे?"

"कारखान्याच्या मागच्या गल्लीत. पण आई, फोनवर ती ऐकत नाही."

"फोनवर कोण ऐकतं? आणि तुझ्या तोंडून तर आता मुळीच ऐकणार नाही, तुझे पाय बघून बसलीय ती. मी सांगते तिला माझ्या पाण्याचं. मला खोटं पाडायचं आहे, तर मीच पाडते."

"मी येते," भिंगरी म्हणाली. "मीच शिकवलंय तिला. तुमच्या मागे लपून कसं चालेल?"

आई तिच्याकडे बघत राहिल्या. नको म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "गाडीतून जायचं. जिना असेल तर तू खाली थांबायचं, मी तिला हाक मारून आणेन." बऱ्याच दिवसांनी त्या तिच्याशी इतकं लांब वाक्य बोलल्या होत्या.

उरलेल्या चौघींशी काय बोलायचं, हे भिंगरीला अजून सुचलेलं नाही. सुपरवायझरबाईंना ठोकळ्याबद्दल काही म्हणावं का, यावर भावजींचं आणि तिचं आज जेवताना वाजलं. ते म्हणतात म्हण, ती म्हणते, ठोकळा मी त्या दोन दिवसांनंतर उचललाच नाही, कुठल्या तोंडाने म्हणू. ते नंतर ठरेल. मी आज देवाजवळ बटणवालीसाठी मागितलं. तिचं खरं नाव मला माहीत नाही, तशीच मागितली तिची खुशाली.

उद्या सकाळी आई आणि भिंगरी बटणवालीच्या घरी जातील, आणि तिथून तिला सोबत घेऊन तिची लघवी तपासायला दवाखान्यात.